दुकानाची पाटी बदलायला सिटीचे पैसे: फसाड ग्रँटचं सगळं गणित

आमची जुनी ऑनिंग (दुकानाच्या दारावरचं कापडी छप्पर) आम्ही मंगळवारी उतरवली आणि ग्रँटच्या मंजुरीचं पत्र आलं गुरुवारी. झालं, नवीन ऑनिंगचा सगळा खर्च यादीतून कट. मी ऑफिसात जाऊन बरंच सांगून बघितलं की अहो ती फाटलेली होती, वाऱ्याने कुणाच्या डोक्यावर पडली असती, तिथल्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या की मंजुरीच्या आधी सुरू झालेल्या कामाला पैसे देता येत नाहीत. पाटीचे आणि दिव्यांचे पैसे मिळाले, ऑनिंग मात्र पदरमोड करून लावली. पुढे काही वर्षांनी मी त्याच डाउनटाउनच्या डिझाईन कमिटीवर बसले, लोकांचे अर्ज बघायला लागले, तेव्हा कळलं की ही चूक दर राउंडला कोणी ना कोणी करतंच, आणि बहुतेक वेळा हुशार, कामाची घाई असलेली माणसंच करतात. म्हणून हे लिहितेय, अमेरिकेत ज्यांचं डाउनटाउनमध्ये दुकान, सलून, क्लिनिक, खाण्याचं ठिकाण असं काही आहे त्यांच्यासाठी.

आधी हे प्रकरण काय आहे ते. दुकानाचा रस्त्याकडचा भाग, म्हणजे दार, काचा, पाटी, दिवे, ऑनिंग, विटांची डागडुजी, रंग, हे सगळं मिळून फसाड. ते नीट करायला सिटी, काउंटी किंवा डाउनटाउनची संस्था खर्चातला काही भाग देते. कुठे सरळ ग्रँट असते, कुठे फरगिव्हेबल लोन असतं (ठरलेली वर्षं दुकान चालू ठेवलं, दर्शनी भाग नीट राखला की माफ), कुठे बँकेबरोबर मिळून कमी व्याजाचं कर्ज, आणि कुठे फक्त आर्किटेक्टचे काही तास फुकट. हे शेवटचं ऐकून लोक नाक मुरडतात, पण मी म्हणेन मिळत असेल तर आधी तेच घ्या, चांगलं ड्रॉइंग हातात असलं की पुढचं निम्मं काम झालेलं असतं.

आता गणित, कारण इथेच सगळे फसतात. समजा सगळं काम १८,००० डॉलरचं आहे आणि योजना म्हणते ५० टक्के देऊ, पण जास्तीत जास्त ७,५००. तर तुम्हाला ९,००० नाही मिळत, ७,५०० मिळतात, उरलेले १०,५०० तुमचे. बरं ते ७,५०० सुद्धा काम संपून, बिलं भरून, इन्स्पेक्शन होऊन मग चेकने येतात, म्हणजे मधले दोन-चार महिने पूर्ण १८,००० तुमच्याच खिशातून गेलेले असतात. याला रिइम्बर्समेंट म्हणतात आणि बहुतेक ग्रँट अशाच असतात. तेवढी रोकड हाताशी नसेल तर बँकेची क्रेडिट लाईन आधी बघून ठेवा, किंवा एसबीएचं (छोट्या धंद्यांसाठीचं फेडरल खातं) मायक्रोलोन, ते ५०,००० डॉलरपर्यंत असतं आणि नॉनप्रॉफिट संस्थांमार्फत मिळतं. क्रेडिट कार्डावर १८,००० टाकून चार महिने व्याज भरलं तर ग्रँटचा बराचसा फायदा तिथेच गेला.

पैसे कुठून येतात हे विचारायला लाजू नका, कारण नियम त्यावर ठरतात. मुख्य झरे दोन-तीन. एक म्हणजे फेडरल सीडीबीजी (कम्युनिटी डेव्हलपमेंट ब्लॉक ग्रँट), १९७४ च्या कायद्याने सुरू झालेला निधी, तो हड या फेडरल गृहनिर्माण आणि शहरविकास खात्याकडून शहरांना मिळतो आणि मग शहरं त्यातला थोडा फसाडला वळवतात. हा पैसा असेल तर बहुधा तुमचं दुकान ज्या भागाला सेवा देतं तिथले किमान ५१ टक्के रहिवासी कमी-मध्यम उत्पन्नातले असावे लागतात. आणि कामाचा कॉन्ट्रॅक्ट २,००० डॉलरच्या वर गेला की १९३१ चा डेव्हिस-बेकन कायदा येऊन बसतो, म्हणजे कॉन्ट्रॅक्टरने कामगारांना सरकारने ठरवलेली मजुरी द्यायची आणि दर आठवड्याला पेरोलचा हिशोब सर्टिफाय करून भरायचा. ओळखीचा हरहुन्नरी माणूस, जो रंग पण देतो आणि दार पण बसवतो, तो हे कागद बघूनच पळतो. किंवा पळत नाही आणि कोटेशन वाढवतो. म्हणून कोट मागतानाच सांगायचं की हे प्रिव्हेलिंग वेजचं, म्हणजे सरकारी मजुरीदराचं काम आहे, नाहीतर मधेच भांडणं.

दुसरा झरा टिफ, म्हणजे टॅक्स इन्क्रिमेंट फायनान्सिंग. एखादा भाग ठरवायचा, तिथल्या प्रॉपर्टी टॅक्समध्ये पुढे जी वाढ होईल ती त्याच भागात खर्च करायची, ही कल्पना. सुरुवात कॅलिफोर्नियात १९५२ मध्ये झाली आणि गंमत म्हणजे त्याच कॅलिफोर्नियाने २०१२ मध्ये आपल्या रीडेव्हलपमेंट एजन्सीच बंद केल्या, त्यामुळे तिथल्या जुन्या योजनांची माहिती इंटरनेटवर अजून दिसते पण दार बंद असतं. शिकागोचा स्मॉल बिझनेस इम्प्रूव्हमेंट फंड मात्र टिफवरच चालतो. टिफमध्ये हद्दीला फार महत्त्व, रस्त्याच्या या बाजूचं दुकान आत आणि समोरचं बाहेर असं होतं, तेव्हा नकाशावर आपला पत्ता टाकून बघितल्याशिवाय स्वप्नं रंगवू नका.

तिसरं म्हणजे मेन स्ट्रीट. जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेने १९७७ मध्ये गेल्सबर्ग, हॉट स्प्रिंग्ज आणि मॅडिसन या तीन छोट्या गावांत प्रयोग म्हणून हे सुरू केलं, आता देशभर गावोगावी मेन स्ट्रीट संस्था आहेत. यांच्या ग्रँट साधारण लहान असतात, पण कागद कमी, आणि मॅनेजर स्वतः चालत दुकानात येतो. फक्त पाटी बदलायची असेल तर मला विचाराल तर हेच सगळ्यात बरं.

शोधायचं कसं? गुगलवर गावाचं नाव टाकून फसाड इम्प्रूव्हमेंट, स्टोअरफ्रंट, साईन ग्रँट असे तिन्ही शब्द मारून बघा, कारण प्रत्येक गाव वेगळं नाव ठेवतं (सॅन फ्रान्सिस्कोच्या योजनेचं नाव एसएफ शाइन्स, नावावरून काय कळणार). मग सिटीच्या इकॉनॉमिक डेव्हलपमेंट खात्याला फोन. वेबसाईटवरचं पान दोन वर्षं जुनं असू शकतं म्हणून फोनच करा आणि सरळ विचारा की या वर्षाचे पैसे शिल्लक आहेत का, पुढचा राउंड कधी, माझा पत्ता हद्दीत आहे का, आणि भाडेकरू अर्ज करू शकतो का. बऱ्याच गावांचं आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होतं, त्यामुळे जून-जुलैत केलेला फोन मार्चमधल्या फोनपेक्षा कामाचा.

भाडेकरूवरून आठवलं. आपल्यापैकी बहुतेकांची बिल्डिंग स्वतःची नसते, तेव्हा लँडलॉर्डची लेखी संमती लागते, आणि इथे जरा डोकं शांत ठेवून विचार करा. तुम्ही स्वतःचे १०,५०० घालून त्याच्या बिल्डिंगला नवीन दार आणि काचा लावताय आणि तुमचं लीज संपतंय पुढच्या वर्षी, मग तो भाडं वाढवणार हे सांगायला ज्योतिषी नको. संमतीपत्रावर सही घेतानाच लीज वाढवून घ्या, किंवा निदान मॅच, म्हणजे ग्रँट सोडून आपल्याला घालावा लागणारा वाटा, त्यातला अर्धा तरी त्याच्याकडून काढा. आमचे लँडलॉर्ड वयस्कर गृहस्थ, आधी म्हणाले मला काही त्रास नको, मग त्यांना जुना फोटो दाखवला त्यांच्याच बिल्डिंगचा, लायब्ररीच्या लोकल हिस्टरी कपाटातला, तेव्हा विरघळले आणि विटांच्या पॉइंटिंगचा (सांधे परत भरण्याचा) खर्च स्वतः उचलला. तो फोटो अर्जाला पण जोडला, त्याचे मार्क वेगळे मिळाले असणार असं मला वाटतं.

कशाला पैसे मिळतात आणि कशाला नाही हे गावागणिक बदलतं, पण ढोबळ सांगायचं तर रस्त्यावरून दिसतं ते चालतं, आतलं फर्निचर, फ्रीज, कॅश रजिस्टर, माल हे चालत नाही. छप्पर बहुतेक ठिकाणी नाही. परमिटची फी बऱ्याचदा नाही. स्वतः किंवा नवऱ्याने केलेल्या मेहनतीचे तास नाहीत, भावाच्या कंपनीला दिलेलं काम तर अजिबातच नाही. आणि जुन्या विटांवर सँडब्लास्टिंग करायचा विचार असेल तर तो मनातून काढा, भाजलेल्या विटेची वरची कडक कातडी निघून जाते आणि आतून ती पाणी पिते, हिस्टॉरिक भागात ते चालवूनच घेत नाहीत.

जुन्या बिल्डिंगमध्ये काय दडलंय ते आधी बघा, हा माझा आवडता सल्ला. पन्नास-साठच्या दशकात खूप दुकानांनी पुढून ॲल्युमिनियमचे पत्रे किंवा प्लायवूड ठोकलं, मॉडर्न दिसावं म्हणून. आमच्या दाराच्या वर असाच एक पांढरा पट्टा होता. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला यावर फक्त रंग देऊ. आर्किटेक्टने शिडी लावून कोपऱ्यातला एक स्क्रू काढला, टॉर्च मारला, आणि आत चार-चार इंचांच्या प्रिझम काचा ओळीने, धुळीने काळ्या झालेल्या पण धड. शंभर वर्षांपूर्वी वीज महाग होती तेव्हा बाहेरचा उजेड वळवून दुकानाच्या मागच्या भिंतीपर्यंत न्यायला या काचा लावायचे. तीनच फुटल्या होत्या. प्लायवूड काढून काचा साफ करणं हे नवीन पॅनेल लावण्यापेक्षा स्वस्त पडलं आणि कमिटीने एका बैठकीत पास केलं. (स्क्रू काढून डोकावणं हे काम सुरू करणं नव्हे, तरी मी ऑनिंगचा धडा शिकलेली, त्यामुळे ईमेलने विचारूनच काढला.)

दाराशी एखादी पायरी असेल तर तिचा पण विचार याच अर्जात करा. एडीए, म्हणजे अपंगांच्या हक्कांचा फेडरल कायदा, १९९० पासून आहे आणि व्हीलचेअर आत येत नाही म्हणून दुकानांवर केसेस होतात. उताराचा नियम एक इंच उंचीला बारा इंच लांबी, म्हणजे सहा इंचांच्या पायरीला सहा फूट रॅम्प, तो फूटपाथवर मावत नाही, मग दार आत घेऊन उतार आतल्या जागेत काढावा लागतो. दार उघडल्यावर मोकळी जागा किमान ३२ इंच हवी. बऱ्याच योजना याला जास्त टक्के देतात, आणि छोट्या धंद्याला टॅक्समध्ये वेगळी सूट आहे, २५० डॉलरच्या वरच्या खर्चाचे ५० टक्के, १०,२५० पर्यंतच्या खर्चावर, म्हणजे जास्तीत जास्त ५,००० चं क्रेडिट. ती घेता येते की नाही हे मात्र सीपीएला विचारा, ग्रँटने दिलेल्या खर्चावरच परत क्रेडिट मागाल तर गोत्यात याल.

आता पाटी. यावर मी जरा जास्त बोलणार कारण कमिटीत सगळ्यात जास्त वाद पाटीवरच होतात.

पहिलं, गावाचा साईन कोड (पाट्यांची नियमावली) डाउनलोड करा आणि तो ताजा आहे ना बघा. २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने ॲरिझोनातल्या गिल्बर्ट गावाच्या केसमध्ये निकाल दिला की पाटीवर काय लिहिलंय त्यावरून वेगवेगळे नियम लावता येणार नाहीत, त्यानंतर खूप गावांनी कोड नव्याने लिहिले. म्हणजे तुम्ही मराठीत लिहा की इंग्रजीत, त्यांना बघायचा असतो आकार, उंची, जागा, दिवा. आकार बहुधा दुकानाच्या रुंदीवर ठरतो, समजा एका फुटाला दीड स्क्वेअर फूट म्हटलं आणि तुमचं दुकान वीस फूट रुंद, तर ३० स्क्वेअर फुटांत सगळं बसवायचं. मोजताना अक्षरांभोवती चौकोन काढून मोजतात, मधली रिकामी जागा पण धरतात.

आणि इथे आपली एक खास अडचण आहे. आम्ही नावाखाली देवनागरीत पण नाव लिहिलं. साईनवाल्याने अक्षराची उंची धरली शिरोरेषेपासून खालच्या टोकापर्यंत, कारण त्याला बिचाऱ्याला काय माहीत. सिटीच्या माणसाने मोजलं ते वेलांटीच्या टोकापासून खालच्या उकाराच्या शेपटीपर्यंत, आणि चौकोन एकदम दीडपट झाला! अख्खं ड्रॉइंग परत. तुम्ही देवनागरी घालणार असाल तर डिझायनरला आधीच वरची मात्रा आणि खालचा उकार धरून मोजायला सांगा. फॉन्ट पण जाड घ्या, बारीक फॉन्टमध्ये अनुस्वार रस्त्यापलीकडून दिसतच नाही.

किती मोठं अक्षर हवं याला साईनवाल्यांचा ठोकताळा असा, दहा फुटांना एक इंच. रस्त्यापलीकडचा माणूस साठ फुटांवर असेल तर सहा इंच पुरे. लोक उगाच दोन फुटी अक्षरं मागतात, डाउनटाउनमध्ये गिऱ्हाईक चालत येतं, हायवेवरून नाही. चालणाऱ्याला भिंतीवरची पाटी दिसतच नाही, त्याला दिसते ती भिंतीतून काटकोनात बाहेर आलेली छोटी, तिला ब्लेड साईन म्हणतात, माझं मत विचाराल तर बजेट कमी असेल तर तीच एक करा. फक्त ती फूटपाथवर येते म्हणून खालून बहुतेक गावांत आठ फूट मोकळे सोडावे लागतात, वेगळं परमिट लागू शकतं, आणि विम्यात सिटीचं नाव घालून द्यावं लागतं. विमा एजंटला फोन केला की तो कागद बहुतेक वेळा लगेच मिळतो पण कोणी करत नाही आणि शेवटच्या दिवशी धावपळ.

आतून उजेड येणारा प्लॅस्टिकचा डबा, जो सगळ्या स्ट्रिप मॉलवर असतो, त्याला हिस्टॉरिक डाउनटाउनमध्ये सहसा पैसे मिळत नाहीत. त्याऐवजी वरून वाकलेले गूजनेक दिवे, किंवा सुट्या अक्षरांच्या मागून भिंतीवर पडणारा उजेड. पाटी ठोकताना भोकं विटेत नाही, दोन विटांमधल्या मॉर्टरमध्ये पाडायची, उद्या पाटी काढली तर मॉर्टर भरता येतो, वीट भरता येत नाही. हे एक वाक्य ड्रॉइंगवर लिहिलं की कमिटीतले जुने लोक खूश होतात, खरंच सांगते. त्यांची भाषा समजून घ्यायची असेल तर नॅशनल पार्क सर्व्हिसच्या फुकट मिळणाऱ्या प्रिझर्वेशन ब्रीफ्स (जुन्या इमारती जपण्यावरच्या छोट्या पुस्तिका) आहेत, त्यांतली ११ नंबरची स्टोअरफ्रंटवर आहे, २५ नंबरची पाट्यांवर, एका संध्याकाळी वाचून होतात.

अर्जात मग काय जातं, तर आधीचे फोटो, ड्रॉइंग, रंगाचे आणि कापडाचे नमुने, लँडलॉर्डची संमती, डब्ल्यू-नाईन फॉर्म (आपला टॅक्स नंबर कळवायचा), विमा, आणि दोन किंवा तीन कोट. फोटो रस्त्यापलीकडून एका ठरलेल्या जागेवरून काढा, मी पार्किंग मीटरचा नंबर लिहून ठेवला होता, म्हणजे नंतरचा फोटो तिथूनच काढता आला. कोट्सचं म्हणाल तर तिघांना एकच लेखी यादी द्या. एकजण दिव्यांचं वायरिंग धरतो, दुसरा धरत नाही, मग सगळ्यात स्वस्त कोट खरा स्वस्त नसतो, आणि बऱ्याच योजना ग्रँटचा हिशोब सगळ्यात कमी कोटवर करतात, तुम्ही महागाला काम दिलं तर वरचा फरक तुमचा. कमिटीसमोर बोलायची वेळ आली तर स्वतःच्या धंद्याची गोष्ट दोन मिनिटांत संपवा आणि रस्त्याला काय फायदा ते सांगा. संध्याकाळी बंद दुकानाच्या काचेत दिवा राहणार असेल तर ते नक्की सांगा.

पास झालं असं तोंडी कळेल, अभिनंदनाचा ईमेल पण येईल. थांबा. करारावर दोघांच्या सह्या आणि काम सुरू करायची लेखी परवानगी हातात येईपर्यंत काहीही करायचं नाही, आणि काहीही म्हणजे फक्त तोडफोड नाही, साईनवाल्याला दिलेलं ५० टक्के डिपॉझिट सुद्धा बऱ्याच ठिकाणी काम सुरू केल्यासारखंच धरतात. साईनवाला म्हणेल आज पैसे दिले तर आठ आठवड्यांत देतो, उद्या दिले तर बारा. म्हणू दे. बिल्डिंग परमिट आणि साईन परमिट या ग्रँटपेक्षा वेगळ्या गोष्टी आहेत, ग्रँट पास झाली म्हणजे परमिट मिळालं असं नसतं, दोन्हीकडे अर्ज करावा लागतो आणि दोन्हीकडचे लोक एकमेकांशी बोलतीलच याची खात्री धरू नका.

काम चालू असताना काही बदलायचं झालं, रंगाची शेड जरी, तरी आधी ईमेल. आमच्या गावात एकाने मंजूर गडद हिरव्याऐवजी दुकानात मिळाला तो पोपटी मारला, चेक अडकला तो परत रंगवेपर्यंत. पैसे कॉन्ट्रॅक्टरला चेकने किंवा कार्डाने द्या, रोख नको, रोखीची पावती कितीही नीट असली तरी बहुतेक ठिकाणी चालत नाही. वटलेल्या चेकची दोन्ही बाजूंची कॉपी, बिलावर पूर्ण पैसे मिळाल्याची नोंद, आणि कॉन्ट्रॅक्टरकडून लीन वेव्हर, म्हणजे आता माझं या बिल्डिंगवर काही येणं राहिलेलं नाही असं त्याने लिहून दिलेलं, हे सगळं शेवटचा चेक त्याच्या हातात द्यायच्या आधी घ्या. नंतर तो फोन उचलत नाही.

मुदत पण बघा, कुठे सहा महिने असतात कुठे वर्ष. कस्टम दारं उशिरा येतात, तेव्हा मुदत संपायच्या आधी वाढवून मागा, आधी मागितली तर देतात.

ग्रँटचा चेक आला की तो धंद्याचं उत्पन्न म्हणून धरला जातो, जानेवारीत १०९९-जी, म्हणजे सरकारकडून पैसे मिळाल्याचा टॅक्सचा फॉर्म, येऊ शकतो, तेव्हा ७,५०० मधले थोडे टॅक्सला बाजूला ठेवा, आम्ही पहिल्या वर्षी ठेवले नव्हते आणि एप्रिलमध्ये नवऱ्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. आणि करारातलं मेंटेनन्सचं कलम फ्रीजवर लावून ठेवा, आमचं पाच वर्षांचं होतं, तेवढ्या काळात विचारल्याशिवाय काही बदलायचं नाही आणि मोडलं तर दुरुस्त करायचं. तिसऱ्या वर्षी गारांनी एक गूजनेक दिवा फुटला तर तो बदलायला पण मी आधी ईमेल टाकला, उत्तर आलं, "हो, तोच मॉडेल लावा, विचारायची गरज नव्हती."